१२९ मतं आणि बंद लिफाफे

हे अमेरिकेच्या वायव्य टोकाचं वॉशिंग्टन राज्य. सिअ‍ॅटल शहर याच राज्यात आहे. देशाची राजधानी असलेलं वॉशिंग्टन पार दुसऱ्या टोकाला. २ नोव्हेंबर २००४ रोजी इथे गव्हर्नरपदासाठी मतदान झालं. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपती नेमतात. तिथे गव्हर्नर मतदार थेट निवडतात, आणि राज्याचा कारभार त्याच्याच हातात असतो. राज्याच्या अटर्नी जनरल, म्हणजे मुख्य सरकारी वकील, डेमोक्रॅटिक पक्षाच्या क्रिस्टीन ग्रेग्वार एका बाजूला, आणि रिपब्लिकन पक्षाचे, राज्याच्या विधिमंडळातले माजी सिनेटर डीनो रॉसी दुसऱ्या बाजूला. मतं पडली सुमारे २८ लाख. निकालाचा शेवटचा शब्द लागायला मात्र पुढच्या वर्षाचा जून उजाडला.

ही मोजणी समजून घ्यायची तर आधी हा लिफाफा नीट पाहा. त्या वर्षी निम्म्याहून अधिक मतदारांनी टपालाने मत दिलं. मतपत्रिका आधी एका आतल्या पाकिटात जाते, त्यावर नाव नसतं. ते पाकीट बाहेरच्या लिफाफ्यात. या बाहेरच्या लिफाफ्यावर मतदाराचं नाव, शपथेचा मजकूर आणि सही. कार्यालयात लिफाफा आला की कर्मचारी ही सही नोंदणीच्या वेळच्या सहीशी ताडून पाहतात. जुळली तर लिफाफा उघडायचा, आतलं पाकीट वेगळं करायचं, मतपत्रिका बाहेर काढून गठ्ठ्यात ठेवायची. त्या क्षणापासून ही मतपत्रिका कोणाची, हे जगात कोणालाही सांगता येत नाही. गुप्त मतदानासाठी ते आवश्यकच आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की लिफाफा बंद असेपर्यंत झालेली चूक दुरुस्त करता येते; उघडल्यानंतर लक्षात आलेली चूक तशीच राहते. या निवडणुकीतले बहुतेक सगळे वाद या एका रेषेच्या अलीकडचे किंवा पलीकडचे आहेत.

मतदानाच्या दिवसापर्यंतचा टपालाचा शिक्का असेल तर मत ग्राह्य, मग ते पोचायला काही दिवस लागोत. त्यामुळे आकडे रोज हलत राहिले. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. १७ नोव्हेंबरला राज्यातल्या ३९ काउंट्यांची बेरीज झाली: रॉसी १३,७१,४१४, ग्रेग्वार १३,७१,१५३. फरक २६१.

फरक २,००० मतांपेक्षा कमी आणि अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी असेल, तर यंत्राने फेरमोजणी कायद्यानेच होते, कोणी मागायची गरज नाही. ती झाली आणि रॉसींची आघाडी ४२ वर आली. लोकांना यातच काळंबेरं दिसू लागलं, कारण तीच यंत्रं, त्याच मतपत्रिका, मग आकडा बदलतो कसा?

बदलतोच. मतपत्रिकेवर उमेदवाराच्या नावापुढे एक लहान लंबगोल असतो, तो पूर्ण काळा करायचा. पण कोणी त्यात फुली मारतं, कोणी बरोबरची खूण करतं, कोणी नावाभोवतीच गोल काढतं, कोणी यंत्राला न दिसणाऱ्या रंगाचं पेन वापरतं. यंत्र अशी मतपत्रिका ‘या पदासाठी मत दिलेलं नाही’ असं समजून पुढे ढकलतं. दुसऱ्या फेरीत कागद थोडा वेगळा सरकतो आणि पुसट खूण वाचली जाते. किंवा कर्मचारी न वाचलेल्या मतपत्रिका हातात घेऊन मतदाराचा हेतू स्पष्ट आहे का ते तपासतात. म्हणून या फेरीत दोघांचीही मतं वाढली: रॉसींची १,०७०, ग्रेग्वार यांची १,२८९. २८ लाखांच्या मोजणीत हजारभर मतांची हालचाल अजिबात मोठी नाही. प्रश्न फक्त इतकाच होता, की या वेळी विजयाचं अंतर त्या हालचालीहून लहान होतं.

तिसरी मोजणी हाताने. ती मागणाऱ्या पक्षाला दर मतपत्रिकेमागे २५ सेंट अनामत भरावी लागते. निकाल फिरला तर पैसे परत. डेमोक्रॅटिक पक्षाने पूर्ण राज्यासाठी सुमारे ७,३०,००० डॉलर भरले. सिअ‍ॅटल ज्यात येतं त्या किंग काउंटीत तिघांचे गट बसवले होते, आणि त्यात दोन्ही पक्षांची माणसं होती. मतदान केंद्रानुसार गठ्ठे सोडायचे, उमेदवारानुसार ढीग लावायचे, मोजायचं, पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळचे आकडे जुळल्याशिवाय गठ्ठा पुढे सरकत नाही. ज्या खुणेवर एकमत होत नाही ती मतपत्रिका कॅनव्हासिंग बोर्डाकडे, म्हणजे काउंटीचा निकाल ठरवणाऱ्या मंडळाकडे जाते. हाताच्या मोजणीत चुका वेगळ्या असतात: दोन कागद चिकटतात, एक पत्रिका शेजारच्या ढिगात पडते, एक गठ्ठा पेटीतच राहून जातो. पण हे सगळं समोरासमोर घडतं आणि आकडा जुळला नाही की पकडलं जातं, म्हणून बारीक फरकाला हीच मोजणी अधिक भरवशाची.

डिसेंबरच्या मध्यावर किंग काउंटीत खरा स्फोट झाला. काउंटी कौन्सिलचे अध्यक्ष लॅरी फिलिप्स बाद झालेल्या टपाली मतांची यादी पाहत होते. त्यात त्यांचं स्वतःचं नाव निघालं. कारण शोधल्यावर कळलं, की काही मतदारांच्या सह्या संगणकात चढवलेल्याच नव्हत्या. अशा वेळी कागदी नोंदणीपत्र काढून सही पाहायची असते. ते न करता ‘सही जुळत नाही’ म्हणून लिफाफे बाजूला टाकले गेले. आधी ५७३, मग आणखी सापडून एकूण ७०० च्या वर. लिफाफे अजून बंद होते, हे इथे लक्षात ठेवा.

रिपब्लिकन पक्षाने आक्षेप घेतला: फेरमोजणी म्हणजे आधी मोजलेलंच पुन्हा मोजणं, त्यात नवी मतं कशी येतील? या आक्षेपात दम होता. १४ डिसेंबरलाच राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने डेमोक्रॅटिक पक्षाची मागणी, म्हणजे बाद झालेली सगळी मतं राज्यभर पुन्हा तपासा ही मागणी, जवळपास याच कारणाने फेटाळली होती. पण २२ डिसेंबरला त्याच न्यायालयाने किंग काउंटीच्या बाजूने निकाल दिला. वरवर पाहता दोन निकाल उलटसुलट वाटतात, ते तसे नाहीत. सरसकट फेरतपासणी मागण्याचा हक्क पक्षाला नाही. मात्र आपल्याच कार्यालयाची उघड चूक सापडली, तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार काउंटीच्या बोर्डाला कायद्याने आहे. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला सर्वांत स्वच्छ विचार याच निकालात आहे.

सह्या ताडल्या, साडेपाचशेहून अधिक मतं ग्राह्य ठरली. त्याआधीच ग्रेग्वार १० मतांनी पुढे गेल्या होत्या. अंतिम आकडे: ग्रेग्वार १३,७३,३६१, रॉसी १३,७३,२३२. फरक १२९. लाखामागे पाच मतंसुद्धा नाहीत. ३० डिसेंबरला सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे राज्याचे मुख्य निवडणूक अधिकारी, सॅम रीड यांनी निकाल प्रमाणित केला. ते स्वतः रिपब्लिकन पक्षाचे होते, आणि पक्षातून प्रचंड दबाव असताना त्यांनी नियमाप्रमाणे सही केली.

१२ जानेवारी २००५ ला ग्रेग्वार यांनी शपथ घेतली, पण त्याआधीच रिपब्लिकन पक्षाचा खटला दाखल झाला होता. तो चालला कॅस्केड पर्वतांच्या पूर्वेला, सफरचंदांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेल्या वेनाची गावात, न्यायाधीश जॉन ब्रिजेस यांच्यासमोर. आता वाद रेषेच्या पलीकडचा होता. न्यायालयाने मान्य केलं, की १,६७८ मतं बेकायदेशीर होती. त्यातली १,४०१ गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या आणि मताधिकार परत न मिळालेल्या लोकांची, १९ मृतांच्या नावावर, ६ दुबार, आणि २५२ प्रोव्हिजनल मतपत्रिका. या शेवटच्या प्रकाराकडे पाहा. मतदाराची पात्रता केंद्रावर पक्की होत नसेल तर त्याची मतपत्रिका लिफाफ्यात ठेवायची आणि नंतर पडताळायची. या २५२ पत्रिका लिफाफ्यात न जाता थेट केंद्रावरच्या मोजणी यंत्रात गेल्या आणि इतरांत मिसळल्या.

१,६७८ हा आकडा १२९ च्या तेरापट. मग निवडणूक रद्द का झाली नाही? कारण कायदा विचारतो, की बेकायदेशीर मतं विजेत्याच्या पारड्यात पडली आणि त्यामुळेच निकाल फिरला, हे सिद्ध झालं का? रिपब्लिकन बाजूने गणित मांडलं: एखाद्या केंद्रावर ग्रेग्वार यांना ६० टक्के मतं असतील, तर तिथल्या प्रत्येक बेकायदेशीर मतामागे त्यांचं ०.६ मत वजा करा. न्यायाधीशांनी ते नाकारलं. परिसराची सरासरी एका माणसाच्या मताचा पुरावा होत नाही. शिक्षा झालेला माणूस शेजाऱ्यासारखंच मत देतो, हे कशावरून? शिवाय अशा लोकांची यादी ग्रेग्वार यांचा जोर असलेल्या भागांतूनच जास्त गोळा केलेली असेल, तर उत्तर आधीच ठरून जातं. प्रत्यक्ष साक्षीतून कळलेली मतं तेवढी वजा झाली: रॉसींची चार. ६ जून २००५ ला फरक १२९ वरून १३३ झाला. घोटाळ्याचा पुरावा नाही, कारभार मात्र ढिसाळ, असा निकालाचा सूर होता. रॉसींनी अपील केलं नाही.

राज्याने दुरुस्त्या केल्या. प्रोव्हिजनल मतपत्रिका रंगाने किंवा खुणेने वेगळी ओळखू आली पाहिजे आणि केंद्रावरच्या यंत्राने ती वाचताच कामा नये, असा नियम आला. मतदारांची संपूर्ण राज्याची एकच यादी तयार झाली. राज्यव्यापी पदांसाठी १,००० मतांपेक्षा आणि पाव टक्क्यापेक्षा कमी फरक असेल तर हाताने मोजणी आता आपोआप होते. अनामतीचे पैसे उभे करण्याची वेळ पक्षावर येत नाही. २००८ मध्ये हेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर आले आणि ग्रेग्वार सुमारे १,९४,००० मतांनी जिंकल्या.

१,४०१ मतांचा प्रश्न सुटायला जास्त वेळ लागला. जुन्या नियमात शिक्षा भोगून झाली तरी दंड आणि न्यायालयाचा खर्च पूर्ण फेडेपर्यंत मताधिकार परत मिळत नसे, आणि कोणाचं किती देणं बाकी आहे हे मतदार नोंदणी करणाऱ्या कारकुनाला कळायची सोय नव्हती. कित्येकदा त्या माणसालाही ठाऊक नसे. २००९ च्या कायद्याने सुधार विभागाची, म्हणजे तुरुंग पाहणाऱ्या खात्याची, देखरेख संपली की मत, असं सोपं केलं. २०२१ च्या कायद्याने तुरुंगातून बाहेर पडताच मताधिकार परत दिला.