मॅक्रो रेंगाळतो तो प्रिंटरच्या दारात

एक्सेलमध्ये स्क्रीनअपडेटिंग (पडदा सतत ताजा करणं) बंद केलं, कॅल्क्युलेशन (आकडेमोड) मॅन्युअलवर टाकलं, तरी पेजसेटअपचा, म्हणजे छपाईचा कागद, समास वगैरे ठरवणारा मॅक्रो (एकामागून एक आपोआप चालणाऱ्या आज्ञा) रेंगाळतोच, असं मघाशी मागून कुणीतरी म्हणालं. रेंगाळणारच, कारण वेळ तिथे जातच नाही. पेजसेटअपची एकेक ओळ चालते तेव्हा एक्सेलला प्रिंटरच्या ड्रायव्हरशी, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमशी, बोलावं लागतं. तलाठ्याकडे एकेका कागदासाठी वेगळा हेलपाटा घालावा, तसलाच प्रकार. त्यातून प्रिंटर नेटवर्कवरचा असेल तर विचारूच नका.

तुम्ही केलेलं काम बघून मॅक्रो लिहून देणारा मॅक्रो रेकॉर्डर यात भरच घालतो. तुम्ही फक्त कागद आडवा केलात, तरी तो हेडर, फूटर, चारही समास, झूम, कागदाचा आकार असं सगळं लिहून ठेवतो. महिन्याच्या एकतीस शीट, प्रत्येकी तीस ओळी धरा: 930 हेलपाटे, आणि कामाचे त्यातले 31! म्हणून आधी कात्री चालवा. 'प्रिंटक्वालिटी = 600' ही ओळ तर हमखास काढा. दुसऱ्या प्रिंटरला इंचाला 600 ठिपक्यांची ती घनता जमत नसेल, तर मॅक्रो तिथेच आपटतो.

एक्सेल 2010 पासून यावर नेमका उपाय आहे: ॲप्लिकेशन डॉट प्रिंटकम्युनिकेशन, म्हणजे प्रिंटरशी बोलणं चालू-बंद करायचं बटणच. शीटचे बदल सुरू करण्याआधी ते फॉल्स करायचं आणि बदल संपले की ट्रू. मधल्या सगळ्या ओळी साठून राहतात आणि ट्रू होताच एकदम पोचत्या होतात. यात एक गोची आहे. चूक वरच्या एखाद्या ओळीत असते आणि एरर बऱ्याचदा खाली, ट्रूच्या ओळीवर येतो. तिथे डोकं खाजवत बसू नका, वर बघा. आणि एरर हँडलरमध्येही, म्हणजे एरर आल्यावर चालणाऱ्या ओळींतही, प्रिंटकम्युनिकेशन ट्रू करायला विसरू नका.

एक्सेल 2007 वर अजून काम करणारे हात वर करा... आहेत की! तुमच्यासाठी जुनी एक्सेल 4 ची मॅक्रोभाषा आहे. एक्झिक्यूटएक्सेल4मॅक्रोला पेज डॉट सेटअपची एकच ओळ द्यायची. सगळं एका फेरीत होतं. पण ती ओळ वाचणं म्हणजे शिक्षा आहे: आडव्या कागदाचा आकडा 2 अकराव्या जागी, म्हणजे आधी दहा स्वल्पविराम मोजायचे. ए-फोरचा 9 बाराव्या जागी. समास इथे इंचांत, व्हीबीएमध्ये (मॅक्रोच्या नेहमीच्या भाषेत) मात्र पॉइंटमध्ये, इंचाला 72.

पानं तुटतात तिथल्या तुटक रेघाही बंद ठेवा. डिस्प्लेपेजब्रेक्स फॉल्स. नाहीतर ओळी घालता-काढताना एक्सेल पुन्हापुन्हा पानं मोजत बसतं.

ज्यांच्या लॅपटॉपला प्रिंटरच जोडलेला नाही, त्यांना पेजसेटअपवर 1004 चा एरर येऊ शकतो. तेव्हा मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ डीफॉल्ट करून बघा. विंडोज 10 पासून तो सोबतच येतो. नेटवर्कचा प्रिंटर फारच छळत असेल, तर मॅक्रोपुरता ॲक्टिव्हप्रिंटर (एक्सेल वापरतं तो प्रिंटर) हा पीडीएफवालाच करायचा आणि काम झालं की मूळचा परत लावायचा. फक्त समास छापण्याआधी एकदा प्रिव्ह्यूमध्ये बघून घ्या, कारण प्रत्येक प्रिंटरची छापता येणारी हद्द वेगळी असते.