नाव परतलं, दुकान परतेल का?

[दृश्य: मॉलची बाहेरची भिंत. फलक उतरवलेला आहे.]

दुकान कायमचं बंद झालं की फलक उतरवला जातो. भिंतीचा रंग तोवर उन्हापावसानं उडालेला असतो, पण अक्षरांच्या मागचा तेवढा भाग ताजा राहिलेला असतो. त्यामुळे नाव काढलं तरी वाचता येतं. अमेरिकेतल्या कितीतरी मॉलच्या भिंतींवर 'सिअर्स' या जुन्या दुकानसाखळीचं नाव असं वाचलं गेलं आहे. २००५ मध्ये सिअर्स आणि केमार्ट या दोन साखळ्या एकत्र आल्या, तेव्हा दोघींची मिळून सुमारे ३,५०० दुकानं होती. १५ ऑक्टोबर २०१८ ला कंपनी दिवाळखोरीत गेली तेव्हा त्यांतली ७००च्या आसपास उरली होती. आता मोजायला दोन्ही हातांची बोटंही लागत नाहीत.

सिअर्स एकटं गेलं नाही. खेळण्यांचं टॉइज आर अस गेलं, स्वस्त कपड्यांचं फॉरएव्हर ट्वेंटी वन गेलं, जे. सी. पेनी हे मोठं दुकान कसंबसं तगलं. ब्रिटनमध्ये डेबेनहॅम्स या साखळीचं शेवटचं दुकान मे २०२१ मध्ये बंद झालं. ही नावं म्हणजेच मॉल, असं ज्या पिढ्यांना वाटायचं त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडलं.

मोठ्या ब्रँडची दुकानं मॉलमध्ये पुन्हा उभी राहू शकतात का? काही राहिलीही आहेत. पण कोणती राहिली आणि कोणती दुसऱ्यांदा कोसळली हे नीट पाहिलं, तर आज 'पुनरागमन' म्हणून ज्या बातम्या येतात त्यांतल्या निम्म्यांवर विश्वास बसत नाही. ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे, कारण मॉलचं चढणं आणि उतरणं दोन्ही तिथं सर्वांत आधी घडलं.

[दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं. छताखालचा मोठा चौक, कारंजं, गर्दी.]

८ ऑक्टोबर १९५६. मिनेसोटा राज्यातल्या इडायना गावात साउथडेल सेंटर सुरू झालं. पूर्णपणे बंदिस्त, वातानुकूलित असा हा पहिला आधुनिक मॉल. वास्तुरचनाकार होते व्हिएन्नाहून आलेले व्हिक्टर ग्रुएन. मॉलच्या भोवती घरं, शाळा, बागा असाव्यात, माणसांनी तिथं नुसतं भेटायलाही यावं, असं त्यांच्या मनात होतं. प्रत्यक्षात भोवती पार्किंग झालं. पुढे १९७८ मध्ये ग्रुएन यांनी स्वतःच मॉल या प्रकाराशी असलेलं आपलं नातं जाहीरपणे झिडकारलं.

साउथडेलमध्ये डेटन्स आणि डोनाल्डसन्स ही एकमेकांची प्रतिस्पर्धी मोठी दुकानं एकाच छताखाली आणली होती. यांना अँकर म्हणतात. एका टोकाला एक अँकर, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि मधल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे गाळे. गिऱ्हाईक एका अँकरकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेतल्या गाळ्यांत शिरतं. मॉलचा सगळा धंदा या चालण्यावर उभा आहे.

त्याचा भाड्याचा हिशेब बाहेरच्या माणसाला उलटा वाटेल. सर्वांत मोठी जागा अडवणारा अँकर सर्वांत कमी दरानं भाडं द्यायचा. कित्येकदा जवळजवळ काहीच नाही, कारण इमारतच त्याच्या मालकीची असायची. तो गर्दी आणतो, हेच त्याचं भाडं. मॉलच्या मालकाचं खरं उत्पन्न छोट्या गाळ्यांतून यायचं: चौरस फुटामागे चढा दर, वर देखभालीचा खर्च, आणि विक्री ठरलेल्या आकड्यापलीकडे गेली की वरच्या रकमेवर टक्केवारी.

आता अँकर बंद पडला तर काय होतं ते पाहा. छोट्या गाळ्यांच्या भाडेकरारात बहुधा एक कलम असतं. अमुक मोठं दुकान बंद झालं, तर आमचं भाडं कमी होईल. ठरलेल्या मुदतीत ती जागा भरली नाही, तर आम्ही करार मोडून निघून जाऊ. अँकरकडून मालकाला फारसं भाडं येत नव्हतंच, त्यामुळे पहिला धक्का कागदावर किरकोळ दिसतो. मग ज्यांच्याकडून खरी कमाई होती, ते गाळे एकामागून एक सवलत मागू लागतात. उत्पन्न घटलं की मालकाला कर्जाचे हप्ते जड जातात. देखभाल थांबते, दिवे कमी होतात, सरकते जिने बंद राहतात, आणि उरलेलं गिऱ्हाईकही येईनासं होतं. एखादा मॉल वरवर ठीक चाललेला असतो आणि दोन-तीन वर्षांत ओस पडतो, त्यामागे बऱ्याचदा हे कलम असतं.

[दृश्य: ओहायो. एका प्रचंड गोदामाचं हवाई चित्रण.]

ओहायोतल्या नॉर्थ रँडलमध्ये १९७६ मध्ये रँडल पार्क मॉल उघडला, तेव्हा तो जगातल्या सर्वांत मोठ्या मॉलमध्ये गणला जायचा. तो पाडला गेला. २०१८ मध्ये त्याच जमिनीवर अ‍ॅमेझॉनचं गोदाम सुरू झालं.

हे चित्र पाहिलं की निष्कर्ष तयारच असतो: ऑनलाइन खरेदीनं मॉल मारला. अर्धंच खरं आहे ते. २०२४ मध्ये अमेरिकेच्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा सुमारे १६ टक्के होता. उरलेली बहुतेक विक्री अजूनही कुठल्या ना कुठल्या दारातून आत जाऊनच होते. ऑनलाइननं नफा कापला, यात शंका नाही. पण त्याच्या आधीपासून दोन गोष्टी आतून पोखरत होत्या.

पहिली, गरजेपेक्षा फार जास्त बांधकाम. १९५४ च्या करकायद्यानं नव्या व्यावसायिक इमारतींवर घसारा, म्हणजे इमारतीच्या झिजेचा खर्च, झपाट्यानं दाखवून कर वाचवायची मुभा दिली. चालू मॉलची डागडुजी करण्यापेक्षा पुढच्या गावाबाहेर नवा बांधणं फायद्याचं झालं. माणशी दुकानांची जागा अमेरिकेत युरोपातल्या देशांच्या कितीतरी पट झाली.

दुसरी गोष्ट कर्ज. मला वाटतं, हिच्याविषयी पुरेसं बोललं गेलेलं नाही. २००५ मध्ये केकेआर, बेन कॅपिटल आणि व्होर्नाडो या गुंतवणूकदार कंपन्यांनी टॉइज आर अस सुमारे ६६० कोटी डॉलरना विकत घेतलं. त्यासाठी काढलेलं बरंचसं कर्ज दुकानांच्याच माथी मारलं गेलं. कंपनीवर सुमारे ५०० कोटी डॉलरचं ओझं होतं आणि वर्षाला ४० कोटींच्या आसपास रक्कम नुसती व्याजात जात होती. दुकानांचे दिवे, फरशा, पगार, संकेतस्थळ यांवर खर्च करायचा तो पैसा सावकारांकडे गेला. २०१८ मध्ये अमेरिकेतली सगळी दुकानं बंद झाली. ३० हजारांहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्या, आणि सुरुवातीला त्यांना नुकसानभरपाई म्हणून काहीच मिळालं नाही. त्यांनी मोर्चे काढले, आवाज उठवला, तेव्हा कुठे त्या वर्षअखेरीस केकेआर आणि बेन यांनी २ कोटी डॉलरचा निधी उभारला. वीस-तीस वर्षं काउंटरवर काढलेल्या माणसांच्या वाट्याला त्यातून जे आलं ते फार थोडं होतं.

[दृश्य: नवा कोरा फलक. तेच ओळखीचं नाव.]

आणि मग ही नावं परत यायला लागली.

दिवाळखोरीत दुकानं जातात, माल विकला जातो, माणसं घरी जातात. नाव मात्र उरतं आणि त्याला गिऱ्हाईक मिळतं. केवळ ब्रँडची नावं विकत घेऊन ती इतरांना वापरायला देणं हा आता मोठा व्यवसाय आहे. ऑथेंटिक ब्रँड्स आणि डब्ल्यूएचपी ग्लोबल ही त्यातली ठळक नावं. टॉइज आर असचं नाव २०१९ अखेरीस न्यू जर्सी आणि ह्यूस्टनच्या दोन मॉलमध्ये छोट्या दुकानांवर झळकलं. गंमत म्हणजे मूळ दुकानं बहुतेक मॉलच्या बाहेर, स्वतंत्र इमारतींत असायची. जानेवारी २०२१ पर्यंत ही दोन्ही बंद झाली. मग नवा मालक आला, न्यू जर्सीच्या अमेरिकन ड्रीम मॉलमध्ये मोठं दुकान निघालं आणि मेसीज या मोठ्या साखळीच्या दुकानांमध्ये छोटे कोपरे आले. नाव जगलं. त्याच्या आधाराने जगणारी ३० हजार माणसं परतली नाहीत.

फॉरएव्हर ट्वेंटी वनची कथा तर अधिक स्पष्ट आहे. २०१९ मध्ये दिवाळखोरी. २०२० मध्ये सायमन आणि ब्रुकफील्ड या मॉलच्याच दोन मालकांनी ऑथेंटिकला सोबत घेऊन ते ८.१ कोटी डॉलरना विकत घेतलं. गाळे रिकामे राहू नयेत म्हणून जागेच्या मालकानं भाडेकरूच खरेदी केला! २०२५ मध्ये अमेरिकेतला हा व्यवसाय पुन्हा दिवाळखोरीत गेला आणि तिथली दुकानं बंद झाली. जागा होती, नाव होतं, भाडं घेणारा स्वतःच मालक होता. तरी कपडे विकले गेले नाहीत, कारण तसेच कपडे शीइन या ऑनलाइन दुकानावर आणखी स्वस्त मिळत होते.

[दृश्य: पुस्तकांच्या दुकानातलं दर्शनी टेबल. एक विक्रेती पुस्तकं लावते आहे.]

आता बार्न्स अँड नोबलकडे या. हे दुकान तर सर्वांत आधी संपायला हवं होतं. अ‍ॅमेझॉननं सुरुवातच पुस्तकांपासून केली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये एलियट या गुंतवणूक संस्थेनं बार्न्स अँड नोबल घेतलं आणि जेम्स डाँट यांना प्रमुख नेमलं. ब्रिटनमधली वॉटरस्टोन्स ही साखळी ते २०११ पासून चालवत होते.

डाँट यांनी काय केलं? तोवर कोणतं पुस्तक दर्शनी टेबलावर ठेवायचं हे मुख्यालय ठरवायचं, आणि त्या जागेसाठी प्रकाशक पैसे मोजायचे. न विकलेल्या प्रतींचे गठ्ठे परत जायचे. डाँट यांनी प्रकाशकांचे ते पैसे घेणं थांबवलं. हमखास येणारं उत्पन्न सोडणं सोपं नसतं. मग प्रत्येक दुकानातल्या लोकांना सांगितलं की तुमच्या वाचकांसाठी पुस्तकं तुम्ही निवडा, टेबलं तुम्ही लावा. महामारीत दुकानं बंद होती, तो काळ त्यांनी आतली मांडणी बदलायला वापरला. परत जाणाऱ्या प्रती घटल्या, कारण निवडणारा माणूस गिऱ्हाइकाला तोंडओळखीनं का होईना ओळखत होता.

वर्षानुवर्षं दुकानं बंद करत आलेल्या या कंपनीनं २०२४ मध्ये ५० हून अधिक नवी दुकानं उघडली. त्याआधी, मार्च २०२२ मध्ये, अ‍ॅमेझॉननं आपली पुस्तकांची दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. बॉस्टनजवळच्या दोन शॉपिंग सेंटरमध्ये त्या रिकाम्या जागा बार्न्स अँड नोबलनं घेतल्या. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. अ‍ॅमेझॉनकडे पैसा, माहिती, तंत्र, सगळं होतं. संकेतस्थळावर लोकांनी कशाला किती तारे दिले हे पाहून त्यांनी पुस्तकं मांडली होती. तेवढ्यावर पुस्तकांचं दुकान चाललं नाही.

अ‍ॅबरक्रॉम्बी अँड फिच ही कपड्यांची साखळी वेगळ्या वाटेनं सावरली. अंधारी दुकानं, झाकलेल्या खिडक्या, नाकात बसणारा अत्तराचा वास ही त्यांची जुनी ओळख. २०१७ मध्ये फ्रॅन होरोविट्झ प्रमुख झाल्या. अवाढव्य, महागडी दुकानं बंद झाली, छोटी आणि उजेडाची आली, मापांची श्रेणी वाढली. २०२३ या एका वर्षात कंपनीचा शेअर तिपटीहून जास्त वर गेला.

ऑनलाइन जन्मलेले ब्रँडही दुकानांकडे वळले आहेत. चष्म्यांचा वॉर्बी पार्कर २०१० मध्ये फक्त संकेतस्थळावर सुरू झाला, २०१३ मध्ये पहिलं दुकान काढलं, आज २०० हून जास्त दुकानं आहेत. कारण व्यवहाराचं आहे. इंटरनेटवर गिऱ्हाईक मिळवणं महाग झालं. एप्रिल २०२१ मध्ये अ‍ॅपलनं आयफोनवर वापरणाऱ्याचा माग काढण्यासाठी त्याची परवानगी सक्तीची केली, तेव्हापासून जाहिरात नेमक्या माणसापर्यंत पोचवणं आणखी कठीण झालं. त्यात कपडे परत येण्याचं प्रमाण मोठं, आणि येण्याजाण्याचा खर्च विकणाऱ्याच्या अंगावर. शॉपिंग सेंटरच्या उद्योगसंस्थेनं २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली होती: नवं दुकान उघडलं की त्या भागातून ब्रँडच्या संकेतस्थळावर येणाऱ्यांची संख्या सरासरी ३७ टक्क्यांनी वाढते. आकडा मॉलवाल्यांचाच आहे, तेव्हा थोडा हात राखून घ्यावा. दिशा मात्र पटते.

पण इथेच जुना भाडेकरार आडवा येतो. माणूस दुकानात चप्पल घालून पाहतो आणि घरी जाऊन फोनवरून मागवतो. ही विक्री कोणाची? टक्केवारीचं भाडं काउंटरवरच्या बिलावर लागतं. उलट, ऑनलाइन घेतलेली वस्तू दुकानात परत केली तर ती दुकानाच्या विक्रीतून वजा करायची का? यावर मालक आणि भाडेकरू यांच्यात आज खरी ओढाताण आहे. दहा वर्षांच्या कराराऐवजी लहान मुदत द्यायला, अँकरची जागा तोडून तिचे भाग पाडायला जे मालक तयार आहेत, तिथे ब्रँड येत आहेत.

सगळीकडे मात्र नाही. सायमनच्या मॉल आणि आउटलेटमधल्या ९६.५ टक्के जागा २०२४ अखेरीस भरलेल्या होत्या. चांगल्या वस्तीतले, आधीपासून गजबजलेले मॉल आणखी भरत आहेत आणि मधले, कमकुवत मॉल रिकामेच होत आहेत. जिथे अँकर जाऊन पाच-सात वर्षं लोटली आहेत, तिथे ब्रँड परत येतील असं सांगणं त्या गावातल्या लोकांची फसवणूक ठरेल. तिथे वाचनालय, दवाखाना, घरं यांचा विचार आधी व्हायला हवा.

[दृश्य: जोडे विकण्याचा विभाग. एक कर्मचारी गुडघ्यावर बसून गिऱ्हाइकाला बूट घालून देतो आहे.]

शेवटी मेसीज. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी सुमारे १५० दुकानं बंद करण्याचं आणि ३५० ठेवण्याचं जाहीर केलं. बातमी १५० ची झाली. त्याच काळात ५० दुकानांमध्ये त्यांनी जोड्यांच्या विभागात आणि ट्रायल रूमजवळ माणसं वाढवली, मांडणी सुधारली. त्याआधी कित्येक वर्षं खर्च वाचवायचा म्हणून हीच माणसं कमी केली जात होती. कंपनीची एकूण विक्री घसरत असताना या ५० दुकानांची विक्री थोडी का होईना, वाढली. नाव तेच, बाजार तोच, ऑनलाइन स्पर्धाही तीच. २०२५ मध्ये हा प्रयोग १२५ दुकानांपर्यंत नेला गेला. ठेवायच्या ३५० पैकी उरलेल्या दुकानांत किती माणसं नेमायची, हे तेव्हा ठरायचं होतं.