थायलंडची शाळा उघडण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

थायलंडमध्ये शाळांची मोठी सुट्टी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत असते. तिकडे इंग्रजी शिकवणारे शिक्षक नेमके सोलापूरच्या भर उन्हाळ्यात घरी येतात आणि मे उजाडला की परतीची आवराआवर सुरू होते. तुमच्या घरात असा शिक्षक किंवा शिक्षिका असेल, तर आजचं बोलणं त्यांच्यासाठी आहे, आणि डबे भरून देणाऱ्या घरच्या मंडळींसाठीही. तिथं पुन्हा बस्तान बसवायचं काम विमान उतरल्यावर सुरू होत नाही. त्यातलं निम्मं इथंच, सोलापुरात उरकायचं असतं.

सगळ्यात आधी कागद बघू, कारण इथली चूक नोकरीवर येते. थायलंडमध्ये कामाचा व्हिसा वाढवून मिळालेला शिक्षक देशाबाहेर पडताना पुनर्प्रवेशाचा परवाना, म्हणजे री-एन्ट्री परमिट, घेतो. एका फेरीला एक हजार बाथ, अनेक फेऱ्यांना अडतीसशे. तो न घेता बाहेर पडलात, तर वाढीव मुदत तिथंच संपते आणि व्हिसा पहिल्यापासून काढावा लागतो. तेव्हा पासपोर्ट आत्ताच उघडा, तो शिक्का शोधा, त्यावरची तारीख वाचा. शिक्का नसेल तर आजच शाळेला कळवा, म्हणजे नव्या अर्जासाठी लागणारी पत्रं वेळेत हातात पडतील. पर्यटक म्हणून शिरायचं आणि वर्गावर उभं राहायचं, हा मार्ग धरू नका. ते बेकायदा आहे, कोणी एजंट कितीही सहज सांगो.

पासपोर्टचीच आणखी एक गोष्ट. सुट्टीत अनेक जण पासपोर्टचं नूतनीकरण करून घेतात. जुना पासपोर्ट कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून परत मिळतो, आणि आता याचं काय काम म्हणून तो कपाटात जातो. पण व्हिसा आणि री-एन्ट्रीचा शिक्का त्या जुन्या पुस्तिकेतच असतो! दोन्ही पासपोर्ट रबर लावून एकत्र ठेवा, हँडबॅगेत ठेवा आणि तिथं पोहोचल्यावर शिक्के नव्यात उतरवून घ्या.

१ मे २०२५ पासून थायलंडमध्ये शिरण्याआधी डिजिटल आगमन कार्ड भरावं लागतं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत, सरकारी संकेतस्थळावर, फुकट. पैसे मागणारं पान दिसलं तर ते खोटं किंवा दलालाचं समजा. थायलंडमध्ये राहणाऱ्या परदेशी माणसाला दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशन कार्यालयाला आपला पत्ता कळवावा लागतो, ती नव्वद दिवसांची हजेरी. देशात शिरल्यावर तिची मोजणी नव्यानं सुरू होते. ती तारीख फोनमध्ये त्याच दिवशी टाका. हजेरी मुदतीच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत देता येते, त्यानंतर दोन हजार बाथ दंड. घरमालकाने इमिग्रेशनकडे भाडेकरूची नोंद केल्याची पावतीही जपून ठेवा, पुढच्या कामांना ती मागतात.

थायलंडऐवजी जपान किंवा ओमान असेल तर नियम वेगळे. जपानमधून बाहेर पडताना विमानतळावरच्या कार्डावर 'पुन्हा येणार' या चौकटीत खूण करावी लागते आणि वर्षाच्या आत परतावं लागतं. ओमानबाहेर सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त राहिलं, तर तिथला रहिवास धोक्यात येतो.

आता बॅग. शेंगा चटणी कांडलेली असते, तिला तेल सुटतं आणि ते साध्या पिशवीतून झिरपून कपड्यांत उतरतं. दोन जाड पिशव्या, मधे कागद, आणि मग घट्ट झाकणाचा डबा. कडक भाकरी इथल्या कोरड्या हवेत दीड-दोन महिने सहज टिकते, पण बँकॉकच्या दमट हवेत उघडी राहिली की मऊ पडते आणि मग तिला बुरशी धरते. म्हणून पाच-पाच भाकऱ्यांचे हवाबंद गठ्ठे करा, एका वेळी एकच फोडा. आखाताकडे जाणाऱ्यांनी काळ्या मसाल्याकडे लक्ष द्यावं. त्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया इथं खसखस न्यायला बंदी आहे. त्यांच्यासाठी मसाला खसखस न घालता वेगळा कुटा.

शिक्षकखोलीसाठीही काहीतरी न्या. गावाहून आलेल्याने सर्वांसाठी खाऊ आणायचा, ही थायलंडमध्ये पक्की रीत आहे. तिथली माणसं तिखट खाणारी, त्यांना शेंगा चटणी आवडेल. छोट्या पुड्या करा आणि प्रत्येक पुडीवर 'शेंगदाणे' असं इंग्रजीत ठळक लिहा, कारण काहींना त्याची ॲलर्जी असते.

पैशांचंही पाहून ठेवा. बरेच करार दहा किंवा अकरा महिन्यांचे असतात, सुट्टीतला पगार मिळत नाही. मेमध्ये गेलेल्याच्या हातात पहिला पगार महिनाअखेरीला येतो. भाडं, वीजबिल आणि महिन्याचं जेवण एवढी रक्कम आधीच बाजूला काढून ठेवलेली बरी.

दीड-दोन महिने बंद असलेल्या खोलीत शिरल्यावर गटाराचा वास येतो. बेसिनच्या आणि मोरीच्या खाली जी वाकडी नळी असते, तिच्यात साठलेलं पाणी वास आणि झुरळं अडवून धरतं. ते वाळून गेलेलं असतं. प्रत्येक जाळीत एकेक तांब्या पाणी ओता, वास थांबतो. एसीची जाळी काढून धुवा आणि वाळल्यावरच एसी लावा, नाहीतर सगळी बुरशी नाकात. गादी भिंतीला उभी करून पंख्यासमोर ठेवा. मेमध्ये तिकडे पाऊस सुरू होतो, त्यामुळे ऊन मिळेलच असं नाही.

थायलंडचं घड्याळ आपल्यापुढे दीड तास. सकाळी आठला झेंड्याची प्रार्थना, म्हणजे आपले साडेसहा. आणि शिक्षक त्याआधी पोहोचलेला हवा. सुट्टीत आठ-आठ वाजेपर्यंत झोपणाऱ्याला हे जड जातं. निघण्याआधीचे पाच दिवस पहाटे पाचला उठा.

वर्गाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. घरी राहून आपला उच्चार बदलतो, हे शिक्षकाच्या स्वतःच्या लक्षात येत नाही. बोलण्याचा वेग वाढतो, जीभ टाळूकडे वळवलेला ट आणि ड परततो, 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकसारखे होतात. एकात ओठ गोल व्हायला हवेत, दुसऱ्यात वरचे दात खालच्या ओठाला टेकायला हवेत. निघण्याआधी आठवडाभर रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचन करा, फोनवर ध्वनिमुद्रित करा आणि ऐका. घशालाही तेवढाच सराव होतो, कारण पहिल्या आठवड्यात आवाज बसतो तो सुट्टीत शिकवण्यात पडलेल्या खंडामुळे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात ओरडू नका, टाळ्यांचा एक ठेका ठरवा आणि मुलांनी तो परत वाजवायचा.

मुलांचे कान आणि जीभही सुट्टीनंतर मूळ जागी गेलेली असते. थाई भाषेत शब्दाच्या शेवटी ल येत नाही, तिथे न होतो. म्हणून 'स्कूल'चं 'सकून'. शेवटचा स, ट, ड हे तिन्ही एकाच अर्धवट त वर थांबतात, म्हणून 'बस', 'बट', 'बड' एकसारखे. इथं लगेच 'माझ्यामागून म्हणा' सुरू केलं की फसतं, कारण जो फरक ऐकू येत नाही तो तोंडात यायचा कसा? फळ्यावर तिन्ही शब्द लिहा, त्यांना एक, दोन, तीन आकडे द्या. तुम्ही तोंडापुढे वही धरून शब्द म्हणा, मुलांनी बोटं दाखवायची. पाच-सात मिनिटांत बोटं जुळू लागतात, मग बोलायला लावा. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू कानावर पडत वाढलेल्या सोलापूरकराला असले बारीक फरक लवकर पकडता येतात. हे भांडवल आहे, वापरा.

पहिल्या तासाला 'सुट्टीत काय केलंस?' असं विचारू नका. भूतकाळ कच्चा असलेलं मूल गप्प बसतं आणि आठवडाभर गप्पच राहतं. त्याऐवजी एक सोलापुरी चादर न्या. चौघांना कोपरे धरायला लावा. रंग किती, लांबी किती, कशाची आहे, किंमत किती असेल? प्रत्येकाला एकच छोटं वाक्य. वस्तू समोर असल्याने वर्तमानकाळात भागतं, आकडे आणि रंग उजळून निघतात, आणि कोणाला किती येतं हे तुम्हाला चाळीस मिनिटांत समजतं. चादर धरणाऱ्यांची टोपणनावं तेवढ्यात पाठ करा. थाई मुलांना वर्गात टोपणनावानेच हाक मारतात.

शेवटी घरच्यांसाठी. पहिले पंधरा दिवस संध्याकाळी खोली खायला उठते. फोनची एक वेळ ठरवा: तिथले रात्रीचे आठ, आपले संध्याकाळचे साडेसहा. 'करमतं का?' हे रोज विचारू नका. वर्गात आज काय झालं, भाकरीचा कितवा गठ्ठा फोडला, हे विचारा. आणि अर्ध्या तासात फोन ठेवा, म्हणजे ते खाली उतरून तिथल्या माणसांबरोबर जेवायला जातील.

नमस्कार.