इंटरल्युकिन-2: दवंडी आणि कुजबुज

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना निरोप धाडतात. हे निरोप म्हणजे इवली प्रथिनं, सायटोकाइन्स. त्यांतल्या एकाचीच गोष्ट आज सांगतो: इंटरल्युकिन-2. 1976 साली ते सापडलं, तेव्हा दिसलं ते एवढंच, की ते मिळालं की टी पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी, भराभर वाढतात. कॅन्सरवर सोडायला अशी फौज कोणाला नको होती?

अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत डॉ. स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी ते वापरून पाहिलं. आधीच्या कितीतरी रुग्णांना गुण आला नव्हता. 1984 मध्ये मात्र मेलॅनोमा हा त्वचेचा कॅन्सर पसरलेल्या एका बाईंच्या गाठी विरून गेल्या. 1992 साली मूत्रपिंडाच्या पसरलेल्या कॅन्सरसाठी या औषधाला तिथे मंजुरी मिळाली. पण गाठी पूर्ण नाहीशा होत त्या शंभरात सहा-सात जणांच्याच. आणि मात्रा किती? वजनाच्या दर किलोला 6 लाख युनिट, तेही दर 8 तासांनी. 60 किलोच्या माणसाला दिवसाकाठी 10 कोटी 80 लाख! रक्तवाहिन्या पाझरायच्या, रक्तदाब कोसळायचा, फुप्फुसांत पाणी व्हायचं.

मग 1993 मध्ये उंदरांनी कोडं घातलं. इंटरल्युकिन-2 चं जनुकच काढून टाकलेले हे उंदीर. त्यांची प्रतिकारशक्ती लुळी पडेल असं वाटलं होतं, झालं भलतंच. त्यांच्याच पेशी त्यांच्या आतड्यावर उठल्या. म्हणजे हा निरोप नुसता चाबूक नव्हता, लगामही होता!

लगाम कोणाच्या हाती, हे जपानच्या शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवलं: नियामक टी पेशी, ज्या बाकीच्यांना आवरतात. यांचे कान फार तिखट. पृष्ठभागावर सीडी25 नावाचा, निरोप झेलणारा ग्राहक (रिसेप्टर) भरपूर, त्यामुळे कुजबुजही त्यांना ऐकू येते. इतरांना जागं करायला दवंडी पिटावी लागते.

मग कुजबुजूनच पाहिलं तर? 2011 मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस सी मुळे रक्तवाहिन्यांना दाह झालेल्या 10 रुग्णांना सुरुवातीला दिवसाला फक्त 15 लाख युनिट दिली. 8 जणांना बरं वाटलं. मोजकेच रुग्ण, हे खरं. पण ल्युपससारख्या स्वयंप्रतिकार विकारांसाठी, म्हणजे आपल्याच पेशी आपल्यावर उठतात अशा आजारांसाठी, वाट दिसली.

कॅन्सरवाल्यांना नेमकं उलटं हवं होतं, लगामवाल्यांना ऐकूच जाऊ नये असा निरोप. त्यासाठी या प्रथिनाला पॉलिमरच्या शेपट्या जोडल्या. 2022 मध्ये मेलॅनोमाच्या मोठ्या चाचणीत ते निवोलुमॅब या कॅन्सरवरच्या दुसऱ्या औषधाच्या जोडीने दिलं. एकट्या निवोलुमॅबपेक्षा काडीचाही जास्त फायदा दिसला नाही.