पोकळ गिटार, रॉकाबिलीचा सूर

(दृश्य: कामाचं टेबल, वरून. तारा सैल होतायत.)

आज या गिटारीचे पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विद्युत संकेतात बदलणारे भाग, रॉकाबिलीसाठी बदलायचे आहेत. रॉकाबिली म्हणजे पन्नासच्या दशकातलं कंट्री आणि रॉक अँड रोलचं मिश्रण. तारा उतरवल्या की ब्रिज, म्हणजे तारांना पेलणारा आधार, असा अलगद हातात येतो. या पूर्ण पोकळ गिटारीवर तो कशानेच खिळलेला नाही, निव्वळ तारांच्या दाबावर उभा असतो. म्हणून आधीच त्याच्या दोन्ही टोकांना मास्किंग टेप चिकटवून जागेची खूण करून ठेवली आहे.

हे कारखान्यातून आलेले दोन हंबकर, म्हणजे दुहेरी कॉइलचे पिकअप. जॅझला उत्तम. रॉकाबिलीला मात्र गोलाई कमी आणि टणकपणा जास्त लागतो. अंगठ्याचा जाड तारांवरचा ठेका आणि बोटांनी छेडलेल्या बारीक तारा वेगवेगळ्या ऐकू यायला हव्यात. पन्नासच्या दशकातच रॉकाबिली गायक-गिटारवादक एडी कॉक्रनने आपल्या ग्रेच 6120 गिटारीचा मानेजवळचा पिकअप काढून तिथे गिब्सन कंपनीचा पी-90 पिकअप बसवला होता. गिटार उघडून बघायची खोड या संगीताला सुरुवातीपासूनच आहे.

इथे फिल्टरट्रॉन नावाचे पिकअप येणार आहेत. रे बट्स यांची ही रचना 1958 मध्ये ग्रेचच्या गिटारींवर आली. दोन कॉइल असल्यामुळे गुणगुण दबते, पण कॉइल अरुंद आणि वेटोळी कमी, त्यामुळे वरची चमक मरत नाही. रॉकाबिली गिटारवादक ब्रायन सेट्झरच्या 1959 च्या 6120 वर हेच पिकअप आहेत. (तिच्या नॉबच्या जागी खेळायचे फासे आहेत, ते वेगळं.) मूळ फिल्टरट्रॉनचं माप निराळं, पण हंबकरच्या चौकटीत बसणारेही मिळतात. तेच घेतलेत. गिटारीच्या अंगाला करवत लावायची नाही, हे ठरलेलं आहे.

(दृश्य: एफ-होल, अगदी जवळून.)

मागे झाकण नाही. आत शिरायला एफ-होल, म्हणजे पेटीवरची f आकाराची फट, सोडून वाट नाही. प्रत्येक पॉटचा, म्हणजे नॉबखालच्या आवाज-टोन नियंत्रकाचा, नट काढून दांड्याला दोरा बांधला, आणि पॉट आत ढकलून वायरींचा सगळा जुडगा एफ-होलमधून बाहेर काढला. आता प्रत्येक भोकातून एक दोरा आत जातो आणि एफ-होलमधून बाहेर येतो. नवा जुडगा टेबलावरच सोल्डर करून तयार आहे. दोऱ्याचं हे टोक नव्या पॉटच्या दांड्याला बांधायचं आणि दुसरं टोक हलक्या हाताने ओढायचं. व्हॉल्यूम आला. टोन आला. स्विच अडला. वाकवलेल्या तारेचा आकडा आत घालून त्याला जरा फिरवलं, की तोही डोकं वर काढतो. नट आवळायच्या आत दांडा निसटला तर पुन्हा दोरा, पुन्हा ओढणं. इथेच अनेकांचा धीर सुटतो आणि ड्रिल बाहेर निघतं. निघू नये.

अर्थची वायर बिग्सबीखाली, म्हणजे तारा अडकवायच्या आणि दांडीने सूर डोलवायच्या धातूच्या भागाखाली, नीट टेकली आहे ना, ते आत्ताच बघायचं.

ब्रिजवरचे खडखडणारे सुटे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते तुकडे, गेले, त्या जागी धातूचा एकसंध बार आला. बुडाला पातळ दुहेरी टेप. कुणी इथे दोन खिळे ठोकून ब्रिज कायमचा बसवतात. ब्रिज हलत नाही हे खरं, पण भोकंही कायमची होतात. टेप आणि 011 च्या (सर्वात बारीक तार 0.011 इंच) जाड तारांचा दाब पुरेसा आहे.

(दृश्य: बिग्सबीचा रूळ, तारेचं टोक.)

बिग्सबीवर तार चढवताना तिसरा हात हवा असं वाटतं. तारेच्या टोकाची गोळी रुळावरच्या खुंटीत अडकवायची, आणि दुसऱ्या टोकाला पीळ देईपर्यंत ती सुटलेली असते. उपाय म्हणजे टोक आधीच पेन्सिलीवर गुंडाळून वाकवून घ्यायचं, आणि ताण धरून ठेवायला मानेवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा.

आवाज वाढवला की पोकळ पेटी घुमते, फीडबॅक येतो. ॲम्पपासून जरा बाजूला उभं राहायचं.

राहिला प्रतिध्वनी. मेम्फिसच्या सन स्टुडिओत त्याचे मालक सॅम फिलिप्स यांनी तो टेप मशीनवर उभा केला, आणि 1954 मध्ये एल्विस प्रेस्लीचा गिटारवादक स्कॉटी मूर याची गिटार त्यातून घुमली. इथे ते काम पेडल करतं. सव्वाशे मिलिसेकंदांच्या आसपास उशिराने, एकच पुनरावृत्ती, मूळ सुरापेक्षा किंचित हलकी.

(निवेदन थांबतं. पूर्ण वादन, न कापता.)