भुऱ्याचा कूलर

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट आहे. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागून तीन दिवस झाले होते. दुपारी दोनच्या सुमारास लाईन गेली आणि कूलर थांबला. भुऱ्या, म्हणजे आमच्या घरचा सहा वर्षांचा गावठी कुत्रा, कूलरसमोरच्या फरशीवर पाय पसरून पडला होता. त्याची धाप ऐकू येत होती, पण उन्हाळ्यात कुत्रा धापतोच, म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. थोड्या वेळानं आवाज बदलला. धाप उथळ आणि भराभर झाली. जवळ जाऊन पाहिलं तर जीभ एरवीपेक्षा रुंद झालेली, टोकाशी पळीसारखी वर वळलेली, गडद लाल. तोंडातून लाळ गळत होती, ती पाण्यासारखी नव्हती, पाकासारखी तार धरत होती. हिरड्यांना बोट लावलं तर कोरड्या. ऊठ म्हटलं तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण मागचे पाय काही उचलले नाहीत.

शेजारच्या काकू धावत आल्या. त्यांच्या एका हातात कापलेला कांदा, दुसऱ्या हातात रसाची वाटी. ऊन लागलं की आपल्याकडे हेच करतात. माझी आई आम्हा भावंडांना खिशात कांदा दिल्याशिवाय दुपारी बाहेर पाठवत नसे. काकूंचा भुऱ्यावर जीव आहे, त्यांनी जे आपल्या नातवासाठी केलं असतं तेच त्याच्यासाठी आणलं होतं. मी वाटी हातात घेतलीसुद्धा. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला. मी सगळं सांगितलं, त्यात कांद्याचाही उल्लेख आला, आणि ते पहिलं वाक्य बोलले ते एवढंच : ‘‘कांदा मुळीच नको.’’

पुढचं त्यांनी भराभर सांगितलं. पोटावर, काखेत, जांघेत, पंजांवर पाणी ओता. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, म्हणून रांजणातलं घ्या. ओला टॉवेल गुंडाळून ठेवू नका, तो दोन मिनिटांत गरम होतो आणि आतली उष्णता आतच कोंडतो. पाणी ओता आणि वारा घाला. प्यायला पाणी समोर ठेवा, तोंडात जबरदस्तीनं ओतू नका. आणि ओल्या अंगानेच घेऊन या. आम्ही तसंच केलं. मुलगा तांब्यानं पाणी ओतत होता, मी सुपानं वारा घालत होते. गाडीत सगळ्या काचा खाली घेतल्या. दवाखान्यात सलाईन लागलं, संध्याकाळी त्यानं मान उचलली, दोन दिवसांनी जेवला.

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली एक गोष्ट मला आज तुमच्यापर्यंत पोहोचवायची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंजांच्या गाद्यांना थोडा येतो, तेवढ्यानं त्याचं भागत नाही. त्याचा सगळा भार जिभेवर, तोंडावर आणि नाकाच्या आतल्या ओल्या भागावर. धापताना तो त्या ओलाव्यावरून हवा खेळवतो, पाण्याची वाफ होते आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जाते.

नागपूरकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. वाळ्याच्या ताट्यांवरून वारा येतो आणि खोली गार होते, तेच हे काम. कुत्रा आपला कूलर तोंडात घेऊन फिरतो. आता कूलरबद्दल आपल्याला जे जे ठाऊक आहे ते त्याला लावून पाहा. टाकीतलं पाणी संपलं की कूलर नुसता गरम वारा फेकतो, म्हणून कुत्र्याच्या भांड्यात पाणी हवंच, आणि एका जागी नाही, घरात दोन-तीन जागी. खोलीच्या खिडक्या बंद करून कूलर लावला की थोड्या वेळात खोली दमट होते आणि अंग चिकचिकतं. बाहेर जाताना आपण कुत्र्याला बंद खोलीत कूलर लावून ठेवून जातो, तेव्हा त्याच्या तोंडातला कूलरही निकामी करून जातो. एक खिडकी उघडी ठेवा. आणि जून-जुलैत, पाऊस पडून गेल्यावर पुन्हा ऊन तापतं त्या दिवसांत आपले कूलर काही कामाचे राहत नाहीत, हो ना? तेच दिवस कुत्र्यालाही जड जातात. पारा उतरलेला असतो, म्हणून आपण निर्धास्त होतो आणि तिथेच चुकतो. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्यांचा कूलर मुळातच लहान. असा कुत्रा घरात असेल तर त्याला उन्हाळ्यात दुपारी एकटं ठेवूच नये, असं मी ठामपणे म्हणेन.

ताप मोजायची वेळ आली तर एवढं लक्षात असू द्या. १०१ ताप आपल्याला असला तर आपण अंथरूण धरतो, कुत्र्या-मांजराचं ते रोजचं असतं. १०६ च्या जवळ गेलं की मात्र मेंदू, यकृत, मूत्रपिंडं यांना इजा व्हायला लागते. अशा वेळी घरगुती उपाय करत बसायला सवड नसते.

माझे वडील काटोलकडचे शेतकरी. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ते बैलांचे खांदे शेकायचे, हळद आणि तूप लावून हळूहळू चोळायचे आणि बैलाच्या कानाशी म्हणायचे, ‘‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’’ लहानपणी मला त्यातलं आमंत्रण तेवढं आवडायचं. आता वाटतं, शेकायची जागा कोणती ते बघा : वर्षभर जिथे जू बसलं तीच. शेतकऱ्याला बैलाचं दुखणं कुठे आहे ते ठाऊक होतं. घरात कुत्रं-मांजर पाळणाऱ्या आपल्यासारख्या शहरातल्या माणसांची माया कमी नाही, पण हात बहुतेक वेळा चुकीच्या जागी पडतो. आपण त्यांना आपल्या अंगावरून ओळखायला जातो.

मीही तेच केलं होतं. भुऱ्या आमच्याकडे आला त्या पहिल्या उन्हाळ्यात मी त्याला संध्याकाळी सातला फिरायला नेलं. सूर्य मावळलेला, फुटाळा तलावाकडून बरा वारा येत होता, मला छान वाटत होतं. माझ्या पायात चपला होत्या. डांबरानं दिवसभर पिऊन ठेवलेलं ऊन त्याच्या उघड्या पंजांखाली होतं. तो दोनदा थांबला, बाजूच्या मातीकडे ओढू लागला, मी पट्टा खेचून सरळ चालवलं. दुसऱ्या दिवशी तो पंजे चाटत बसला होता. उलटे करून पाहिले तर दोन गाद्यांची साल निघाली होती, आत गुलाबी मांस दिसत होतं. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून निघण्याआधी मी हाताची मागची बाजू रस्त्यावर टेकवते आणि सात आकडे मोजते. सात होईपर्यंत हात टिकला नाही तर त्याचा पंजाही टिकणार नाही.

आता ठमीकडे येते. ठमी आमची मांजर. ती उन्हाळ्याची तक्रार कधीच करत नाही, मोरीच्या ओल्या कोपऱ्यात जाऊन झोपते. पण मांजर कुत्र्यासारखं तोंड उघडून धापायला लागलं तर ते नेहमीचं समजू नका, लगेच डॉक्टर गाठा.

ठमीचं खाणं हा आमच्या घरात मोठा प्रश्न होता. सासूबाईंच्या घरात कधी अंडं आलं नव्हतं. त्यामुळे ठमीला दूध-पोळी, कधी वरणभात. ती खायची, अंगानं भरलेली दिसायची. पण तिला वरचेवर जुलाब व्हायचे. बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही, हे मला पन्नाशीत कळलं. बशीत दूध आणि समोर मांजर हे चित्र आपण पाटीवर काढत आलो, म्हणून ते खरं वाटतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मांजराला टॉरिन नावाचं एक द्रव्य लागतं. ते मांस-मासळीत असतं, धान्या-भाजीत नसतं, आणि मांजराच्या शरीराला ते पुरेसं तयार करता येत नाही. ते मिळालं नाही तर हळूहळू डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय कमजोर पडतं. कुत्रा मिश्र आहारावर जगू शकतो, मांजर नाही. वाघाची मावशी म्हणतो ना आपण तिला! वाघांच्या जंगलांना इतके जवळ असलेले आपण, आणि वाघाच्या मावशीला वरणभात घालतो.

हे सगळं मी सासूबाईंना भीत भीतच सांगितलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ‘‘मागच्या अंगणात वेगळी शेगडी ठेव. भांडंही वेगळं. तिचे डोळे जायला नकोत.’’ तेव्हापासून अंगणात ठमीची शेगडी आहे. चिकन उकडायचं, मीठ-मसाला काही नाही, हाडं काढून टाकायची, कारण शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि आतड्यात रुततात. जोडीला मांजराचं तयार खाद्य, म्हणजे सगळी द्रव्यं पोटात जातात.

बोका पाळणाऱ्यांना एक गोष्ट कळकळीनं सांगते. रेतीच्या घमेल्यात तो पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, जोर करतो, ओरडतो आणि रेती कोरडीच राहते, असं दिसलं तर बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजत बसू नका. लघवी अडलेली असते. त्याच दिवशी दवाखाना, उद्यावर नाही, एका-दोन दिवसांत जीव जातो. मांजरं मुळात पाणी कमी पितात, म्हणून पाण्याचं भांडं जेवणाच्या ताटलीपासून लांब ठेवावं आणि खाण्यात ओलं जास्त असावं.

कांद्याचं राहिलं. कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चा असो, शिजलेला असो, रस्स्यात वाटलेला असो. परिणाम काही दिवसांनी दिसतो : हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते, प्राणी मलूल होतो, आणि तोवर आपण रविवारचा सावजी रस्सा विसरलेलो असतो. रस्स्यात बुडवलेली पोळी मायेनं घालणारे हात मी आपल्या शहरात खूप पाहिले आहेत. त्या हातांना माझी विनंती आहे, पोळी कोरडी द्या. मनुका आणि चॉकलेटही नको. मांजराला पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मारू शकते. आपला ताप तिनं उतरतो, म्हणून अनेक घरांतून ती दिली जाते.

संक्रांतीनंतर आठवडाभर छतांवर, झाडांवर मांजा लोंबत राहतो. खेळता खेळता मांजर तो गिळतं. तोंडातून किंवा मागून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका. आत आतडी त्यावर चुणीसारखी गोळा झालेली असतात, ओढलं की कापली जातात. दोरा तसाच राहू देऊन डॉक्टरांकडे न्या.

आणि चावा किंवा ओरखडा, आपल्या कुत्र्याचा असला तरी : वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि लसीसाठी जा. तिखट, हळद, चुना काही भरू नका. आपल्या प्राण्याची रेबीजची लस दर वर्षी वेळेवर द्या.

शंका आली तर विचारायला आपल्या शहरात जागा आहे. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे प्राण्यांवर उपचारही होतात. महाराष्ट्राचं पशुविज्ञान विद्यापीठही नागपुरातच आहे. शेजारून आलेला उपाय करून पाहण्याआधी एक फोन तरी करावा.

काकू आता स्वतःच गल्लीत सांगत असतात, कुत्र्याला कांदा नाही द्यायचा म्हणून. त्यांच्या दारापुढे एक पसरट मातीचं भांडं असतं, सकाळ-संध्याकाळ त्या ते रांजणाच्या पाण्यानं भरतात. गल्लीतली तीन कुत्री आणि एक लंगडं मांजर तिथे येतं.

काल रात्री पावणेदहाला भुऱ्या पट्टा तोंडात धरून दाराशी येऊन बसला. मी खाली वाकले, हात रस्त्यावर टेकवला. चारपर्यंतच मोजता आलं. आम्ही दोघं पायरीवर बसून राहिलो. सव्वादहाला पुन्हा हात टेकवला, सात झाले, आणि मग निघालो.

नमस्कार.