अर्ध्या आण्याचा देश

मित्रहो, टपालाचा इतिहास सांगायला उभं राहिलं की वॉरन हेस्टिंग्जनं १७७४ ला कंपनीचं टपाल लोकांना खुलं केलं तिथपासून सुरुवात करायची रीत आहे. तुम्ही जाणती मंडळी, ते सोडतो. सिंध डाकेची, म्हणजे सिंध प्रांतातल्या टपालाची, १८५२ ची तिकिटंही सोडतो, कारण तिकीटसंग्राहक इथे बरेच दिसतायत आणि त्यांना छेडलं तर सभा त्यांचीच होईल!

माझ्या लेखी आपल्या टपालाचा जन्म १ ऑक्टोबर १८५४ चा. त्याआधी मुंबई-कलकत्ता पत्राला तोळ्यामागे एक रुपया पडे, कलकत्त्याहून आग्र्याला बारा आणे. मैल मोजा, वजन मोजा, रोकड घ्या. त्या दिवसापासून पाव तोळ्याचं पत्र अर्ध्या आण्यात. मग ते पलीकडच्या तालुक्यात जावो नाहीतर पेशावरला. हे दानधर्म म्हणून झालं नव्हतं. इंग्लंडात रोलँड हिल या टपालसुधारकानं हिशेब मांडून दाखवला होता की पत्र वाहून न्यायला फारसा खर्च येत नाही, खर्च होतो तो दर आकारण्यात आणि वसुलीत. लांबचा माणूस महाग नसतो, त्याचा हिशेब महाग असतो. हे पटलं की टपालाची सगळी वाढ उलगडते.

मनीऑर्डरच घ्या. १८८० मध्ये ती टपालाकडे आली, आणि तिचं कमिशन रकमेवर होतं, अंतरावर नव्हतं. माझे आजोबा परळला गिरणीत होते, आजी कोकणात. पोस्टमन ओटीवर टेकायचा, पाणी प्यायचा, नोटा दोनदा मोजायचा, आजीचा अंगठा उठवायचा आणि मग कुपनावरच्या चार ओळी वाचायचा: लावणीच्या गड्यांचे देऊन टाका, धाकट्याला वह्या घ्या, गणपतीला येतो. आजी त्याला ते परत वाचायला लावायची. तो वाचायचा. पुढच्या तीन घरांतही हेच, आणि गल्लीतल्या सगळ्यांना सगळ्यांची बातमी कळायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. आजोबांच्या शेजारच्या साच्यावर उत्तर प्रदेशातल्या आझमगढचा माणूस होता. तोही तेवढीच रक्कम धाडी, तेवढंच कमिशन भरी. घर चौपट लांब म्हणून त्याच्या बायकोच्या पैशांतून एक पैसा जास्त कापला जात नव्हता. ही गोष्ट मला रेल्वेच्या पुलांपेक्षा मोठी वाटते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. म्हणजे जाहीर केलेला विषय, टपालाचा इतिहास, आता पाच मिनिटांत.

१८७९ ला पाव आण्याचं पोस्टकार्ड, १८८२ ला बचत बँक. स्वातंत्र्याच्या वेळी तेवीस हजारांवर पोस्टं होती, आज दीड लाखाच्या पुढे आहेत आणि बहुतेक खेड्यांत. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, तो आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांचा. संस्कृतचा हा पंडित टपाल खात्यात अधिकारी होता, त्यांच्यावर वेगळं व्याख्यान ठेवा, मी येईन. १९८६ ला स्पीडपोस्ट.

आणि इथेच माझं दुखणं आहे. रजिस्टर्ड पत्राचा दर देशभर सारखा होता. १ सप्टेंबर २०२५ पासून ते स्पीडपोस्टात विलीन झालं, आणि स्पीडपोस्ट गावातल्या गावात स्वस्त, बाहेर महाग. पाकीट जाड असलं की किलोमीटरचे टप्पे. गडचिरोलीहून दिल्लीला अर्ज धाडणाऱ्या मुलीनं दिल्लीतल्या मुलीपेक्षा जास्त पैसे का भरावेत? कुरिअरवाला अंतर मोजतो, त्याला धंदा करायचाय. टपालानं ते मोजणं १८५४ लाच सोडलं होतं. साध्या पत्राला आणि पोस्टकार्डाला आजही देशभर एकच दर आहे, म्हणजे जमतं. निदान अर्ज, कोर्टाची कागदपत्रं, प्रमाणपत्रं यांच्या पाकिटांना वजनावर एकच दर लावा, अशी मागणी या सभेनं ठराव करून खात्याकडे पाठवावी. मसुदा मी लिहून आणलाय, बाहेर टेबलावर सह्यांसाठी ठेवलाय.